तिथीची पाऊणपट

दिवाळीच्या सुट्टीत मित्राबरोबर कोकणातली एखादी वाट चालायची ठरत असेल, तर तारीख नक्की करण्याआधी तिथी बघावी. किनाऱ्यावरच्या माणसांना हा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसाही आणि रात्रीही. तिथून सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्तच उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच उशिरा येते, म्हणून ही पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास हिशोब जरा डगमगतो, शिवाय रत्नागिरीकडे पाणी मुंबईपेक्षा थोडं आधी चढतं आणि आधी उतरतं. तेव्हा अर्धा-पाऊण तास पदरचा धरावा. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मिळालं तर उत्तमच, पण पाऊणपट डोक्यात असली की मोबाइलची रेंज गेली तरी अडत नाही.

आता दिवाळीकडे बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज द्वितीयेला. पाहुणे परतले, फराळाचे डबे निम्म्यावर आले की येते पांडवपंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान सुकती. चतुर्थी, पंचमी, षष्ठी हे तीन दिवस असे येतात की सकाळच्या उन्हात सडा, म्हणजे कातळाचं पठार, ओलांडून माणूस खाली पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर पोचतो तेव्हा समुद्र मागे सरलेला असतो. पौर्णिमेला निघालात तर सुकती पहाटे अंधारात होऊन गेलेली असते आणि तुम्ही पोचता तोवर पाणी खडकांना लागलेलं असतं. वाट तीच, माणसं तीच, पण चालणं निराळं. म्हणून आमच्याकडे जाणती माणसं आधी समुद्राची वेळ धरतात आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ काढतात.

उदाहरणाला राजापूर तालुक्यातली कशेळी घेऊ. वर सडा आहे, सड्यावर कातळशिल्पं आहेत, गावात कनकादित्याचं मंदिर आहे आणि खाली देवघळीची छोटी पुळण आहे. एका सकाळीत कोकणची तिन्ही रूपं पायाखालून जातात: कातळ, सावली आणि वाळू. कार्तिकात सूर्य साडेसहा-पावणेसातला वर येतो. तेव्हा साधारण सव्वासहाला, फटफटताना, पाय सड्यावर असावा. सड्यावर दीड-दोन तास, वाडीतून उतरायला पाऊण तास, नऊच्या पुढे-मागे वाळूवर, अकराच्या आत पुन्हा सावलीत. अंतर जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटरच्या वर धरू नये. शहरात तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस इथे तीनही धड चालत नाही. दम कमी पडतो असं नाही. जमीन खडबडीत असते आणि थांबण्यासारखं फार असतं.

दोनच माणसं असावीत, हे माझं ठाम मत आहे. चौघं झाली की दोन-दोनच्या जोड्या पडतात आणि पुढची जोडी मागच्यांना विसरते. एकट्याने जाणं सड्यावर तरी नकोच. पाय मुरगळला तर हाक ऐकायला मैलभर कुणी नसतं. दोघांत जो सावकाश चालतो त्याने पुढे राहायचं. उलट केलं तर पुढच्याला मागच्याची दमछाक दिसत नाही, आणि मागचा संकोचाने बोलत नाही. अंतर दोन-तीन मीटर राहू द्यावं. करवंदीची फांदी पुढच्याने दाबून सोडली की ती थेट मागच्याच्या डोळ्यावर येते. फांदी धरून ठेवायची, मागच्याच्या हातात द्यायची आणि मगच पुढे सरायचं. पुढच्याची नजर जमिनीवर, मागच्याची वर, झाडांवर आणि आभाळाकडे. अशी वाटणी न बोलता जमते तो सोबती जपून ठेवावा.

मित्र दमला हे तो सांगत नाही, ओळखावं लागतं. बोलणारा माणूस गप्प होतो. बुटाची नाडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बांधायला बसतो. पाय उचलण्याऐवजी घासत चालायला लागतो आणि लहानशा दगडालाही ठेचकाळतो. यातलं काहीही दिसलं की सावली गाठावी, स्वतःलाच तहान लागल्याचं सांगावं आणि बसावं. निघण्याआधी एक करार मात्र स्पष्ट बोलून ठेवावा: साडेआठपर्यंत सड्याच्या कडेला पोचलो नाही तर आज समुद्र नाही. आणि दोघांपैकी एकाने ‘परत फिरू’ म्हटलं की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. जांभा आतून लालबुंद आणि जाळीदार, भोकाभोकांचा. उन्हापावसात पडून राहिला की वरून काळवंडतो आणि टणक होतो. खाणीतून नुकता काढलेला चिरा हत्याराने सहज तासता येतो, तोच पुढे वाऱ्यावर कडक होत जातो, म्हणून कोकणातली घरं त्याची. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने केरळात हाच दगड बघितला आणि १८०७ साली त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटेराइट असं नाव दिलं. आपण त्याला जांभाच म्हणू. जाळीदार असल्यामुळे तो पावसाचं पाणी पितो. ते पाणी खाली झिरपत जातं, तळातल्या चिकण मातीच्या थराला अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. वर टिपूस नाही आणि खाली वाडीत पाट खळाळतोय, पोफळी डोलतायत, याचं कारण हे. चालणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची: नोव्हेंबरात सड्यावर पाणी मिळणार नाही. जे लागणार ते पाठीवर.

किती? माणशी तीन लिटर, अर्ध्या दिवसाला. हे जास्त वाटतं आणि दर वेळी पुरेपूर संपतं. दिवाळीच्या दिवसांत पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते आणि हवा ओलसर असते, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता वाहतो. घामाबरोबर मीठ जातं आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ती बाटली वेगळी ठेवावी. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. मीठ यापेक्षा जास्त नको. कोकम सरबत न्यायचं तर आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, आधीच मीठ असतं, ते धरून वरचं मीठ घालावं. दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान लागो वा न लागो.

खाण्याचं म्हणाल तर फराळातल्या चकल्या आणि शेव घरीच ठेवाव्यात. तहान वाढवतात आणि पिशवीत भुगा होतो. लाडू बरे. रव्याचा फुटतो, नाचणीचा टिकतो. तांदळाची भाकरी दहापर्यंत मऊ राहते, मग वातड होते, म्हणून ती सुती फडक्यात गुंडाळून आधी खाऊन टाकावी. केळी पिशवीत सगळ्यात वर.

पायांत काय घालायचं यावर फार चर्चा होते. हिमालयासाठीचे जाड, कडक तळव्यांचे बूट इथे निरुपयोगी आहेत. जांभ्याच्या भोकाळ पाठीवर कडक तळवा टेकतो दोन-तीन टोकांवर आणि घोटा डचमळतो. तळवा मऊ रबराचा, थोडा वाकणारा हवा, आणि घोट्यापर्यंत झाकणारा असला तर बरं. कार्तिकात सड्यावरचं गवत पिकून सोनेरी झालेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यात शिरतात. लोकरी किंवा सैल विणीच्या मोज्यात शिरलेलं कुसळ दर पावलाला आत सरकत जातं आणि तासाभरात कातडीला टोचायला लागतं. घट्ट विणीचा मोजा, त्यावर पँटचा काठ बाहेरून सोडलेला, हा त्यातला सोपा उपाय. टोचल्याबरोबर थांबून काढावं. चालता चालता बूट झटकून कुसळ निघत नाही. सकाळी गवतावर दंव असतं, बूट भिजतात. मोज्यांची दुसरी जोडी पिशवीत असली की पुढे वाळूवर फोड येत नाहीत. पावसाळ्यात निघणाऱ्यांना एवढंच सांगेन की ओल्या सड्यावर काळसर, चमकणारा डाग दिसला तर तो शेवाळाचा आहे, त्यावर कुठलाच तळवा टिकत नाही.

सड्यावर वाट शोधायची कशी? झाड नाही, खूण नाही, सगळीकडे सारखंच. वाकून बघा. एरवीच्या कातळावर दगडफूल आणि वाळकं शेवाळ बसून तो काळपट करडा झालेला असतो. जिथून माणसं आणि गुरं पिढ्यान् पिढ्या चालली तिथे हे काही जगत नाही, म्हणून हातभर रुंदीचा तांबूस, किंचित गुळगुळीत पट्टा राहतो. उन्हाकडे तोंड करून पाहिलं की तो लांबवर दिसतो. दुसरी खूण वाऱ्याची. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पश्चिमेला चालणाऱ्याच्या पाठीवर. दहाच्या सुमारास तो पडतो, काही वेळ पान हलत नाही, आणि मग खारा वारा समोरून सुरू होतो. ती मधली निवांत वेळ सगळ्यात जीवघेण्या उकाड्याची. त्या वेळी सड्यावर नसावं म्हणून तर एवढा आटापिटा. होकायंत्रावर फार विसंबू नये. त्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर एका जागी त्याची सुई चक्क दिशा चुकवते.

आणि आता कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून ही शिल्पं शोधली, नोंदवली. २०२२ साली कोकणातल्या नऊ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या प्राथमिक यादीत गेल्या, आठ महाराष्ट्रातल्या आणि एक गोव्यातली. कशेळीचा हत्ती त्यांतलाच, अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. एवढा मोठा की जवळ उभं राहिल्यावर हत्ती दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात. कातळात खोदलेली ही रेघ फार खोल नसते. दुपारी बाराला ऊन सरळ खाली पडतं, रेघेच्या दोन्ही काठांवर सारखा उजेड असतो, आणि चांगली डोळस माणसंसुद्धा शिल्पावर उभी राहून ‘कुठे आहे?’ विचारतात. सकाळी सात ते साडेआठ ऊन तिरपं असतं. रेघेचा पूर्वेकडचा काठ आपली सावली रेघेत टाकतो, समोरचा काठ उजळतो, आणि करड्या कातळावर एकदम पाठीचा बाक उमटतो. मग पाय. मग सोंड. हत्तीच्या आत आणखी प्राणी आहेत, ते एकेक करून डोळ्यांना सापडायला लागतात. इथे मित्राचा उपयोग कळतो. एकाला मासा दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही. बोट हवेत फिरवून दाखवावं लागतं, आणि दाखवता दाखवता आपल्यालाच तो नीट दिसतो.

शिल्पावर चढायचं नाही, कडेने फिरायचं. रेघ उठून दिसावी म्हणून खडू, चुना, रंग भरायचा नाही. बुटाच्या तळव्यात अडकलेला खडा रेघेच्या काठावर घासला की जांभ्याचा कण सुटतो आणि तो पुन्हा बसत नाही. गाडी सड्यावर घालणाऱ्यांबद्दल तर बोलूच नये असं वाटतं, पण बोलायला हवं. सड्याच्या खळग्यांत दोन बोटं माती असते. जुलै ते सप्टेंबर त्याच मातीत गेंद, सीतेची आसवं, कवला फुलतात. सीतेची आसवं ही निळी फुलं तर मुळाशी सूक्ष्म पिशव्या बाळगून पाण्यातले बारीक जीव पकडतात, कारण त्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच. नोव्हेंबरात तो खळगा नुसता वाळका, मातकट दिसतो. पण पुढच्या पावसाचं बी त्यातच असतं. टायर एकदा फिरलं की दोन बोटं माती उडून जाते आणि खाली उरतो दगड.

सड्यावरची भीती म्हणजे फुरसं. वीतभर-दीड वीत लांब, मातकट रंगाचं, जांभ्याच्या तुकड्यांत मिसळून जाणारं. नागासारखं निघून जात नाही, वेटोळं करून जागच्या जागी बसतं आणि अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवत चालल्यासारखा आवाज करतं. तो आवाज आला की पाय पुढे टाकायचा नाही, आवाजाची जागा कळेपर्यंत थांबायचं, मग मागे यायचं. त्याहून महत्त्वाचं, हात कुठे ठेवतो हे बघायचं. गडगा, म्हणजे चिरे नुसते रचून केलेला बांध, ओलांडताना माणूस सहज हात टेकतो आणि बोटं फटीत जातात. त्याच फटीत फुरसं आणि विंचू असतात. गडग्याला कुठे तरी बेडं असतंच, बांबू आडवे सरकवून केलेलं दार. पन्नास पावलं जास्त चालून तिथूनच जावं. आणि बांबू पुन्हा जसे होते तसे सरकवावेत. उघडं राहिलं तर गुरं आंब्याच्या कलमांत शिरतात.

चावलंच तर काय करायचं ते दोघांनाही पाठ हवं, कारण ज्याला चावतं तो घाबरलेला असतो. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही. अंगठी, घड्याळ काढायचं, तो हात किंवा पाय काठी लावून हलणार नाही असा धरायचा, १०८ला फोन करायचा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. सापावरचं आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, तेव्हा साप ओळखत, मारत बसण्यात वेळ घालवू नये. लाल विंचवाचंही तेच. घाम, उलटी, छातीत धडधड सुरू झाली की घरगुती उपायांची वेळ गेली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने कोकणात विंचूदंशाचे मृत्यू किती खाली आणले हे सर्वांना ठाऊक आहे. ते औषध मिळतं, पण वेळेत पोचायला हवं.

घाटी उतरायला लागलं की सगळं बदलतं. पन्नास पावलांत ऊन संपतं. जांभ्याच्या दगडांनी बांधलेली पाखाडी, दोन्ही बाजूंना गडगे, वर आंबा-फणसाचं छत. पाखाडीच्या पायऱ्या एकसारख्या नसतात. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, कारण त्या डोंगराचा उतार बघून रचलेल्या आहेत. सावलीतल्या दगडांवर पावसाळ्यातली ओल अजून असते. तिरकं उतरावं, पाऊल आडवं टाकावं, आणि पायरीच्या मधोमध पाय न ठेवता मागच्या कडेला, जिथे वरची पायरी टेकते तिथे ठेवावा. मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला असतो. उतरताना गप्पा नकोत. सड्यावर हवं तेवढं बोलावं, तिथे वाराच शब्द घेऊन जातो. पाखाडीवर मात्र दोघांनी आपापली पावलं मोजावीत.

कडेच्या झुडपांवर मखमली, तपकिरी शेंगा लोंबताना दिसल्या तर ती खाजकुयली. तिची लव उडून मानेवर बसली की खाजवायचं नाही, चोळून धुवायचंही नाही. दोन्हीने ती आणखी आत जाते. चिकटपट्टी हलकेच लावून उचलायची. औषधाच्या डब्यात चिकटपट्टी असतेच.

ही वाट तुमची नाही, हे मात्र विसरू नये. पाखाडी कुणाच्या तरी खळ्याला लागून जाते. कार्तिकात भाताची झोडणी चाललेली असते, अंगणात सुपाऱ्या वाळत पडलेल्या असतात. ‘आजी, इकडून खाली जाऊ का?’ एवढं विचारलं की वाट तर कळतेच, पाण्याचा तांब्याही पुढे येतो. विचारायची एक रीत आहे. ‘किती लांब आहे?’ विचारलं तर ‘हे काय, इथेच’ असं उत्तर येतं, आणि ते सांगणाऱ्याच्या पायांनी खरंच असतं. ‘तुम्हाला जायला किती वेळ लागतो?’ असं विचारावं आणि आलेल्या उत्तराची दुप्पट धरावी. ‘पायवाटेने की गाडीरस्त्याने?’ हेही लगेच विचारावं, नाहीतर तुम्हाला शहरातलं समजून भल्या मनाने डांबरी रस्त्याला लावून देतात. देवराई लागली तर पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. तिथल्या माणसांनी ती शेकडो वर्षं उचललेली नाही, म्हणून ते जंगल आहे. त्या काळोख्या सावलीत वडा-उंबराला फळं असली तर मलबारी धनेशाची जोडी दिसू शकते. दहा मिनिटं न हलता बसायची तयारी हवी.

मंदिरापाशी थांबावं. कनकादित्याचं मंदिर सूर्याचं, आणि सूर्यमंदिरं आपल्याकडे मोजकीच. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे ११९१ सालचा ताम्रपट या गावाचा आहे. लाकडी खांबांच्या मंडपात बसून मोजे बदलावेत, उरलेली भाकरी खावी. मग खाली.

वाळूवर पोचल्यावर पहिल्यांदा घड्याळ बघायचं आणि सुकतीपासून किती आधी किंवा नंतर आहोत ते ठरवायचं. पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकंच चढतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. सुकतीनंतर तासभर समुद्र जागचा हललेला दिसत नाही आणि माणूस निश्चिंत होतो. तिसऱ्या तासाला तोच खडकामागची वाट बंद करतो. कोकणातले बरेच अपघात या निश्चिंतीतून झालेले आहेत. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. डोंगराला वळसा घालून कड्यातल्या अरुंद पायऱ्यांनी वाट थेट समुद्राशी उतरते, आणि पुढचा सगळा भाग उघड्या खडकावरून जातो. खारं पाणी त्या खडकात शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगून दगडाचा कण कण सोडवतात, आणि सगळी भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी होते. ते बघताना तास कसा जातो कळत नाही. तिथे पाणी उतरत असतानाच उतरावं आणि सुकतीची वेळ होईतो बाहेर पडावं. पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नये. हेदवीच्या बामणघळीचं उलटं आहे: अरुंद घळीत भरतीचं पाणी कोंडून उसळतं, तेच बघायला लोक जातात, म्हणजे जाण्याची वेळच धोक्याची. तिथे काठापासून जिथवर खडक ओला आहे त्याच्या मागे उभं राहावं. ओला खडक म्हणजे लाट इथवर येऊन गेली, आणि येणार.

पुळणीवर चालायचा पट्टा एकच, नुकतंच पाणी सोडून गेलेला, घट्ट आणि काळसर. वरची कोरडी वाळू दमवते. उतरती पुळण असेल तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते. जाताना आणि येताना बाजू बदलतेच, पण मध्ये बसावं. अनवाणी चालायला छान वाटतं, फक्त खडक सुरू झाले की बूट चढवायचे. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि ती जखम लवकर भरत नाही. खाडीचं मुख सुकतीला गुडघाभर दिसलं तरी पायी ओलांडायचं नाही. खालचा चिखल पाय धरतो आणि मधल्या धारेला ओढ असते. तरीतून, म्हणजे होडीतून जावं, किंवा तिथूनच परतावं.

आता बसा. वाळूकडे बघा. घट्ट पट्ट्यावर हजारो गोळ्या पसरलेल्या दिसतील, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या, आणि त्या कशाही पडलेल्या नाहीत. मधोमध एक बारीक बीळ, त्यातून चारी दिशांना आरे निघावेत तशा ओळी. हे बोटाच्या पेराएवढे खेकडे. पाणी मागे हटलं की बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेतात, कणांवरचं सूक्ष्म शेवाळ खातात आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून मागे टाकतात. एक ओळ झाली की बिळाशी परत येऊन दुसरी. बिळाकडे धावायचा मार्ग मात्र मोकळा ठेवतात. तुमची सावली पडली की सगळे एका क्षणात गडप. दोन माणसांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, पाच मिनिटं. मग आधी एक डोळा, मग दोन, आणि पुळण पुन्हा कामाला लागते. सड्यावरच्या हत्तीसाठी तिरपं ऊन लागतं, यांच्यासाठी मागे गेलेलं पाणी. दोन्ही एकाच सकाळी मिळायचं तर पंचमीसारखी तिथी धरावी लागते.

साडेदहाला उठावं. खारा वारा सुरू झालेला असतो, पहिली पातळ लाट शेवटच्या गोळ्यांपर्यंत येऊन त्या विरघळवायला लागते. चढताना पुन्हा सावकाश चालणारा पुढे. गावातून दुपारी एसटी किती वाजता आहे हे सकाळीच विचारून ठेवलेलं असावं, कारण सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात. ती चुकली तर संध्याकाळची वस्तीची गाडी गावात येते खरी, पण रात्र तिथेच काढून पहाटे निघते. स्टॉपवरच्या चिऱ्याच्या कट्ट्यावर बसून बूट उपडे करायचे, वाळू झटकायची, कुसळं वेचायची. उरलेलं मीठ-साखरेचं पाणी दोघांत संपवायचं. उद्या षष्ठी. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. म्हणजे उद्या निघायला आजच्यापेक्षा पाऊण तास उशीर झाला तरी चालेल.